घरच्या ओढीचा आजार

नॉस्टॅल्जिया हा शब्द प्राचीन ग्रीक महाकवी होमरने कधी ऐकला नव्हता. त्याचे दोन्ही तुकडे अस्सल ग्रीक असले तरी ते एकमेकांना जोडले गेले १६८८ साली, स्वित्झर्लंडमधील बासेल येथे, आणि जोडणारा होता १९ वर्षांचा एक वैद्यकीचा विद्यार्थी. योहानेस होफर हे त्याचे नाव. त्याला लॅटिनमध्ये प्रबंध सादर करायचा होता आणि त्यासाठी त्याने असा आजार निवडला, जो त्याच्या मुलखात घरोघरी ठाऊक होता पण वैद्यकाच्या ग्रंथांत ज्याला जागा नव्हती. जर्मन बोलणारे लोक त्याला हाइमवे म्हणत; हाइम म्हणजे घर आणि वे म्हणजे वेदना. लोकांच्या तोंडचा शब्द विद्वानांच्या सभेत चालणार नाही, हे होफरला कळत होते. म्हणून त्याने घरी परतणे या अर्थाचा नोस्तोस आणि वेदना या अर्थाचा आल्गोस असे दोन शब्द घेऊन नवे नाव घडवले. अंगदुखीच्या रुग्णाच्या कागदावर आजही डॉक्टर मायाल्जिया असे लिहितात, त्यातला आल्जिया हा तोच. होफरने आणखी दोन नावे सुचवली होती, नोसोमेनिया आणि फिलोपॅट्रिडोमेनिया. यातले दुसरे टिकले असते, तर शाळेतला जुना फोटो पाहून ते उच्चारायला कुणी धजावले नसते.

या प्रबंधातले रुग्ण मला त्यातल्या सिद्धांतापेक्षा जवळचे वाटतात. एक तरुण बर्नहून बासेलला शिकायला आलेला असतो. तो खिन्न होतो, ताप चढत जातो, माणूस हातचा जाणार असे सगळ्यांना वाटू लागते आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही होतात. शेवटचा उपाय म्हणून त्याला घरी न्यायचे ठरते. प्रवासाची तयारी सुरू होताच त्याच्या जिवात जीव येतो आणि बर्नला पोहोचण्याआधी वाटेतच तो सुधारू लागतो. दुसरी रुग्ण खेड्यातली एक मुलगी. पडल्यामुळे दुखापत होऊन ती बासेलच्या रुग्णालयात आलेली असते. शुद्धीवर आल्यावर आजूबाजूला सगळे अनोळखी पाहून ती औषध थुंकते, अन्न नाकारते आणि काहीही विचारले तरी एवढेच म्हणते की मला घरी जायचे आहे. आईवडील तिला घेऊन जातात आणि काही दिवसांत ती औषधाशिवाय बरी होते. होफरने या सगळ्याचे कारण मेंदूच्या मध्यभागातल्या तंतूंमध्ये शोधले. घराच्या आठवणी ज्या वाटांनी फिरतात त्याच वाटांनी प्राणतत्त्व सतत धावत राहते आणि इतर वाटा ओस पडतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याने जुलाब सांगितले, अफू सांगितली. ही औषधे लागू पडली नाहीत, तर रुग्णाला कितीही अशक्तपणा असला तरी गाडीत घालून घरी न्यावे, असेही त्याने सांगितले आणि त्याच्या दोन्ही रुग्णांना गुण आला तो याच उपायाने.

हा आजार स्विस माणसांच्या माथी का बसला, याचे उत्तर त्यांच्या गरिबीत आहे. डोंगराळ देशात जमीन थोडी आणि मुलगे जास्त, म्हणून पिढ्यान्पिढ्या तिथले तरुण फ्रान्सच्या आणि इतर राजांच्या सैन्यात पगारी शिपाई म्हणून जात. होफरनेही फ्रान्समध्ये चाकरी करणाऱ्या अशा शिपायांचा दाखला दिला आहे. पुढे झुरिकच्या योहान याकोब शॉइख्झर या निसर्गशास्त्रज्ञाला आपले देशबांधव मनाने दुबळे ठरताहेत ही गोष्ट सहन झाली नाही आणि त्याने दोष हवेवर टाकला. उंचावरच्या विरळ हवेत वाढलेली माणसे सखल प्रदेशात उतरली की जड हवेचा दाब त्यांच्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि म्हणून ती खंगतात, अशी त्याची मांडणी होती. घरी पाठवणे शक्य नसेल तर रुग्णाला निदान एखाद्या टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यात ठेवावे, हा त्याचा उपाय. त्यात विज्ञान थोडे आणि स्वाभिमान फार होता. विचारवंत रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहिले आहे की गुराख्यांची रां दे व्हाश ही धून स्विस पलटणींत वाजवायला मनाई होती आणि मोडल्यास देहदंड होता, कारण ती ऐकून शिपाई रडत, पळून जात किंवा मरत. पुढे तो म्हणतो की त्या सुरावटीत तसे विशेष काही नाही. परक्या माणसावर तिचा काहीच परिणाम होत नाही, ती संगीत म्हणून नव्हे तर आठवणीची खूण म्हणून काम करते. मनोऱ्याच्या कल्पनेपेक्षा हे निरीक्षण कितीतरी खोल आहे.

नोस्तोस या शब्दावर थोडे थांबायला हवे, कारण नुसते परतणे एवढाच त्याचा अर्थ नाही. संकटातून तगून, सुखरूप घरी पोहोचणे असा त्याचा अर्थ आहे, आणि ट्रॉयच्या युद्धानंतर ग्रीक वीर कसकसे परतले त्याच्या कथांनाही नोस्तोस असेच म्हणत. होमरच्या महाकाव्यातला असाच एक वीर, ओडिसियस, कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षे अडकून पडतो. ती देवता त्याला अमरत्व देऊ करते आणि तो समुद्रकाठी बसून रडत राहतो, कारण त्याला आपल्या घरी, खडकाळ इथाका बेटावर जायचे असते. ज्या धातूपासून नोस्तोस आला त्याच धातूचा एक वंशज जर्मनमध्ये आहे, गेनेझेन, आणि त्याचा अर्थ आजारातून बरे होणे. आपल्याकडे अश्विनीकुमारांना ऋग्वेदात नासत्य म्हटले आहे. काही भाषाशास्त्रज्ञ त्या नावाचा संबंधही याच धातूशी जोडतात. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही, पण समुद्रात बुडणाऱ्या भुज्यूला सुखरूप घरी आणणारे हे जुळे देवांचे वैद्यही होते, ही गोष्ट तिला साजेशी आहे. म्हणजे घरी पोहोचणे आणि बरे होणे या दोन कल्पना फार जुन्या काळापासून शेजारी नांदत असाव्यात. होफरने आपल्या शब्दात रोग आणि औषध दोन्ही एकत्र कोंबले, आणि ते त्याच्या ध्यानात तरी आले होते की नाही कोण जाणे.

इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात आला तो वैद्यकाचे बोट धरूनच. कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजावर जोसेफ बँक्स हा निसर्गशास्त्रज्ञ होता. सप्टेंबर १७७० मध्ये, न्यू गिनीचा किनारा सोडून जहाज परतीच्या दिशेला लागले तेव्हा त्याने रोजनिशीत नोंद केली की बहुतेक खलाशांना घराच्या ओढीने पुरते ग्रासले आहे आणि वैद्य या ओढीला नॉस्टॅल्जिया नावाचा रोग मानण्यापर्यंत गेले आहेत. जहाजावर यातून सुटलेले असे त्याला तिघेच दिसले, कॅप्टन कुक, डॉक्टर सोलांडर आणि तो स्वतः. याचे कारण त्याने असे दिले की आम्हा तिघांच्या मनाला सतत काही ना काही उद्योग असतो आणि या विकारावरचा तोच उत्तम उपाय आहे. नोंद प्रामाणिक आहे, पण ती वाचताना मला हसू येते. दोर ओढणाऱ्या, शिडे बांधणाऱ्या माणसांना उद्योग कमी होता असे नाही. त्यांना नव्हती ती त्या उद्योगात गोडी. शिवाय मोहीम बँक्सची होती, खलाशांची नव्हती.

या आजाराचे खरे औषध एका व्हिएन्नाच्या डॉक्टरने नोंदवले आहे, तेही जाता जाता. लेओपोल्ड आउएनब्रुगर याचे नाव वैद्यकात अजरामर झाले ते छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखण्याच्या पद्धतीमुळे. १७६१ साली त्या पद्धतीवर त्याने छोटेसे पुस्तक लिहिले आणि त्यात नॉस्टॅल्जियाचाही विचार केला. मनाविरुद्ध सैन्यात भरती झालेले कोवळे तरुण सुखरूप घरी परतण्याची आशा सुटली की गप्प होतात, सुस्त पडतात, एकांतात उसासे टाकतात आणि हळूहळू झिजून जातात. त्यांच्या छातीची एक बाजू ठोकली असता आवाज बद्द येतो. मेल्यानंतर त्यांची फुप्फुसे उघडून पाहिली तर ती बरगड्यांच्या आवरणाला चिकटलेली आणि पुवाने भरलेली आढळली, असे तो सांगतो. आज आपण त्याला बहुधा क्षय म्हणू. पण त्यानंतरचे वाक्य महत्त्वाचे आहे. पूर्वी हा आजार पुष्कळ दिसे, मात्र लष्करी सेवेची मुदत ठरावीक वर्षांची केल्यापासून तो क्वचितच आढळतो, असे त्याने लिहिले आहे. जुलाब आणि मनोरे यांनी जे साधले नाही ते तारखेने साधले. आपण कधी सुटणार हे माणसाला कळले, की छातीत बसलेले हे दुखणे आवरते.

सुमारे १०० वर्षांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याच्या डॉक्टरांनी नॉस्टॅल्जियाचे ५,००० हून अधिक रुग्ण अधिकृतपणे नोंदवले आणि त्यातले काही दगावले असेही लिहिले. तिथेही रजेवर सोडलेला शिपाई सुधारतो, असा अनुभव येत होता. पण सगळ्यांनाच रजा दिली तर सैन्य उरणार कसे, म्हणून एका लष्करी शल्यविशारदाने १८६४ मध्ये निराळाच उपचार सुचवला. रुग्णाची सोबत्यांनी थट्टा करावी आणि जमल्यास त्याला लढाईत उतरवावे, कारण लढाईसारखा गुणकारी उपाय नाही. इथपासून या शब्दाचा डौल ओसरू लागलेला दिसतो. रोग म्हटले की उपचार देणे भाग पडते, आणि इथला उपचार सरकारला महाग पडणारा होता. मग रोगापेक्षा भित्रेपणा म्हणणे स्वस्त.

ज्यांना घरी पाठवण्याचा प्रश्नच नव्हता त्यांच्या ओढीला कोणत्या डॉक्टरने नाव दिले, हा प्रश्न यापुढे मनात येतोच. आफ्रिकेतून ब्राझीलला नेलेल्या गुलामांमध्ये माणसे अन्नपाणी सोडून, कुणाशी न बोलता मरून जात. त्याला बान्झो म्हणत आणि १७९३ साली लिस्बनच्या विज्ञान अकादमीपुढे वाचलेल्या एका निबंधात त्याचे वर्णन आहे. ते करणाऱ्याला गुलामांचा कळवळा नव्हता असे मी म्हणणार नाही, तरी मृत्यू म्हणजे मालाचे नुकसान हा हिशेबही त्या काळी होताच. स्विस शिपाई राजाच्या खर्चात पडतो म्हणून त्याच्या उसाशांची नोंद होते. जात्यावर बसून माहेराच्या ओव्या गाणाऱ्या आपल्या बायकांच्या उसाशांची नोंद करायला कोण येणार होते? त्यांचे औषध म्हणजे दिवाळीला किंवा पंचमीला न्यायला येणारा भाऊ, आणि तेही सासरच्यांच्या मर्जीवर.

माझा या विषयाशी संबंध गिरणीमुळे आला. माझे बाबा संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले, आधी बदली कामगार म्हणून आणि मग कायम. गावच्या मंडळाची एक खोली होती. तिच्यात पाळीपाळीने माणसे झोपत. भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या पेट्यांवर पांढऱ्या रंगाने मालकाचे नाव आणि गाव लिहिलेले असे. वळकट्या दिवसभर दोरीवर टांगलेल्या असत, जेवण खानावळीत आणि शनिवारी रात्री भजन. गावाहून परतलेल्याच्या पेटीतून सोले, कुळथाचे पीठ आणि फणसपोळी निघे आणि तिचा वास दोन दिवस खोलीत राही. बाबा सांगतात की नवा पोरगा आला की पहिले काही आठवडे तो काहीच बोलत नसे. कुणी विचारलेच तर उत्तर एकच, करमत नाही.

या करमत नाही मध्ये कर्ता नसतो. आपण म्हणतो मला करमत नाही, मला आठवण येते. माणूस तिथे काही करत नाही, त्याच्यावर काहीतरी येऊन पडते. इंग्रजीतल्या लॉंग या ओढवाचक क्रियापदाचा जुना प्रयोगही असाच होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत माणूस ओढ घेत नसे, ओढ माणसाला लागत असे, आणि तिचे नाते लांबण्याशी होते. वेळ लांबत जातो, अंतर लांब वाटते. पुढे इंग्रजीने वाक्याची घडण बदलली आणि आय लॉंग म्हणत मीला पुढे बसवले. आपली मराठी अजून जुन्या वळणावर आहे आणि मला वाटते, या बाबतीत तिचे बरोबर आहे.

गणपती आणि शिमगा आले की गिरणीत खाडे वाढत. कामगार गावाशी बांधलेला राहतो ही जुनी तक्रार होती. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात मात्र वेगळे मत दिले. कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही जमेची बाजू आहे, तो तोडण्याऐवजी त्याला उत्तेजन द्यावे आणि शक्य तितका नियमित करावा, असे आयोगाने म्हटले. आउएनब्रुगरचे वाक्य जणू १७० वर्षांनी लालबाग-परळसाठी पुन्हा लिहिले गेले. प्रत्यक्षात हक्काची रजा थोडी आणि भातकापणी, देवीची पालखी, बहिणीचे लग्न ही कारणे अनेक. मग गावाकडून आजारपणाचा दाखला येई. बाबांच्या खात्यातल्या माणसांना वर्षानुवर्षे एकच आजार होत असे, कावीळ. कारण कावीळ झालेल्या माणसाला लवकर कामावर बोलावता येत नाही. १६८८ मध्ये घराची ओढ हाच रोग म्हणून मान्य झाला होता, आणि १९७५ च्या सुमारास तीच ओढ लपवायला दुसऱ्या रोगाचे नाव घ्यावे लागत होते. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना होफर ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु त्यांचे निदान माझ्या मते चुकत नव्हते, फक्त नाव चुकत होते.

विसाव्या शतकात नॉस्टॅल्जिया वैद्यकातून बाहेर पडला आणि त्याचा अर्थ स्थळाकडून काळाकडे सरकला. घर दूर आहे असे न म्हणता, ते दिवस गेले असे तो म्हणू लागला. या बदलाची चाहूल जर्मन तत्त्वज्ञ कांटला १७९८ मध्येच लागली होती. घराच्या ओढीने व्याकूळ झालेली माणसे पुढे त्या जागी परत गेली की त्यांची निराशा होते आणि त्यानेच ती बरी होतात, असे त्याने लिहिले आहे. सगळे बदलले म्हणून असे झाले असे त्यांना वाटते, पण खरे कारण हे की त्यांना त्यांचे तारुण्य तिथे परत मिळत नाही. इथे शब्दाचा कणाच बदलतो. जागेच्या ओढीला रजा मिळू शकते, गाडी मिळू शकते, निदान तारीख तरी मिळू शकते. काळाच्या ओढीला यातले काहीच मिळत नाही. म्हणजे दुखणे असाध्य झाले तेव्हाच ते आजारांच्या यादीतून निघाले. जिथे उपचार नाही तिथे डॉक्टर कशाला थांबेल, आणि त्याची जागा विक्रेत्याने घेतली. जुन्या बरण्या, जुनी गाणी, जुन्या बिस्किटांचे पुडे यांचा आज मोठा बाजार आहे.

मराठी समीक्षेने यासाठी स्मरणरंजन हा शब्द रुळवला. शब्द देखणा आहे, पण त्यात आल्गोस कुठे राहिला? रंजन म्हटले की दुःख बाजूला पडते आणि थोडा तुच्छतेचा सूर आपोआप लागतो. एखादे पुस्तक नुसते स्मरणरंजन आहे असे म्हटले की त्याचा निकाल लागला. स्मृतिकातरता हा दुसरा पर्याय उच्चारायला जड आहे, तरी त्यातले कातर होणे होफरच्या अधिक जवळचे आहे. मी लिहिताना तोच वापरतो. बोलताना मात्र सगळ्यांसारखा नॉस्टॅल्जिया म्हणून मोकळा होतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि इतक्या वर्षांत न मिळालेली रजा सगळ्यांना एकदम मिळाली. बाबाही काही महिने गावी होते. नंतर मुंबईतच त्यांनी इकडेतिकडे नोकऱ्या केल्या आणि निवृत्तीनंतर गावच्या घरात राहायला गेले. तिथे त्यांनी नीट घर बांधले, विहीर उपसून घेतली, आंब्याची कलमे लावली. ज्या जागेसाठी त्यांनी तरुणपणी खोट्या काविळीचे दाखले मागवले, तिथे ते आता बारा महिने राहतात आणि लालबागची आठवण काढतात. भोंग्यावर घड्याळ लावायची सवय अजून जात नाही, असे सांगतात. पाळी सुटल्यावरच्या चहाचे आणि गणपतीतल्या गर्दीचे वर्णन करतात. गिरणीच्या जागी आता काचेची इमारत उभी आहे आणि गावच्या मंडळाची खोली ज्या चाळीत होती ती पाडली गेली, हे त्यांना माहीत आहे; पाडकाम चालू असताना मीच त्यांना फोनवर सांगितले होते.

तरीही वर्षातून एकदा, गौरी-गणपती आटोपले आणि चाकरमानी मुंबईला परतू लागले की बाबाही त्यांच्याबरोबर कोकण रेल्वेने मुंबईला येतात आणि माझ्याकडे आठवडाभर राहतात. तिथे आता पाहण्यासारखे काय उरले आहे, असे आई दर वर्षी विचारते. बाबा म्हणतात, दाढी करायची आहे. लालबागला त्यांचा जुना न्हावी अजून दुकानात बसतो, आता मुलगा वस्तरा चालवतो आणि तो फक्त गल्ला सांभाळतो. बाबा सकाळी पहिल्या नंबराला जातात आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत येत नाहीत.